गुणांची रोजकीर्द

ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास जेसन नावाच्या प्रधान याजकाने जेरुसलेमात, किल्ल्याच्या पायथ्याशी, ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उभारली आणि तेथील थाळीफेकीची हाक कानी पडताच वेदीवरची सेवा टाकून याजकमंडळी तिकडे धावू लागली, अशी तक्रार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात नमूद आहे. क्रीडांगण आणि उपासना यांचा उभा दावा ज्या ज्यू समाजाच्या दप्तरी इतका जुना, त्याच समाजाच्या अमेरिकेतील वंशजांना बेसबॉलपटूंचे शील आपल्या चिंतनात आणावेसे वाटावे, हे प्रथमदर्शनी विपरीतच. तथापि त्यांच्या एका व्रताची घडण पाहिली म्हणजे हा विपरीतपणा पुष्कळसा ओसरतो.

वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून सप्ताहांच्या सणापर्यंत ४९ दिवस मोजावेत, अशी परंपरा लेवीयाच्या २३ व्या अध्यायातील आज्ञेवरून चालत आली आहे. मूळ संबंध जवाच्या पहिल्या पेंढीच्या अर्पणाशी. जेरुसलेमचे मंदिर गेले, अर्पण थांबले, मोजणी तेवढी राहिली. रोज रात्र पडल्यावर आशीर्वचन उच्चारून दिवसाचा आकडा तोंडाने म्हणावयाचा. एखादा दिवस समूळ हुकला तर मोजणी पुढे चालते, परंतु त्या वर्षापुरते आशीर्वचन बंद होते, इतकी ही रोजकीर्द काटेकोर. कब्बाला या ज्यू गूढवादाच्या अनुयायांनी तीत करुणा, निग्रह, समन्वय, चिकाटी, विनय, निष्ठा आणि स्वामित्व असे सात गुण बसविले. प्रत्येक सप्ताहास एक गुण मुक्रर, आणि त्या सप्ताहाच्या सात दिवसांस पुन्हा तेच सात क्रमाने; म्हणजे दुसऱ्या सप्ताहाच्या पहिल्या दिवशी निग्रहातील करुणेचे चिंतन, दुसऱ्या दिवशी निग्रहातील निग्रहाचे. कोणताही सद्गुण एकटा, सुटा असा या योजनेला मान्यच नाही. खेळाडूंचे आपण जे कौतुक करतो ते मात्र बहुधा सुट्या गुणाचेच असते, आणि तेही कोष्टकातील आकड्यांवरून!

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉलमधील दीर्घकाळचा वर्णनिर्बंध मोडला. अपमानाला प्रत्युत्तर द्यावयाचे नाही, ही त्याला संघात घेणाऱ्या ब्रँच रिकीची अट त्याने पत्करली होती. आठवड्याभरातच फिलाडेल्फियाच्या संघाने, खुद्द व्यवस्थापकाच्या पुढाकाराने, त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार केला. रॉबिन्सन शांत प्रकृतीचा नव्हताच. संयम सुटण्याच्या किती जवळ आपण त्या दिवशी पोचलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. आठव्या डावात त्याने चेंडू टोलवून पहिला तळ गाठला, दुसरा चोरला, प्रतिपक्षाच्या चुकीच्या फेकीवर तिसरा घेतला आणि सहकाऱ्याच्या टोल्यावर सामन्यातील एकमेव धाव पुरी केली. ज्यू पंचांगाप्रमाणे त्याच्या पदार्पणाचा दिवस मोजणीतील दहावा, म्हणजे निग्रहाच्या सप्ताहातील समन्वयाचा, होता. योगायोगावर सिद्धांत उभारू नये हे खरे. पण चिंतनाला दाखला हवा असतो, आणि इतका चपखल दाखला अव्हेरणेही शहाणपणाचे नव्हे.

बेसबॉलपटू लू गेहरिगचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. १ जून १९२५ पासून सलग २,१३० सामने खेळलेला हा मनुष्य चिकाटीचा पुतळा म्हणून पूजिला जातो. परंतु २ मे १९३९ रोजी डेट्रॉइट येथे, शरीर साथ देईनासे झाल्यावर, रोगाचे नावही कळलेले नसताना, त्याने स्वतः होऊन व्यवस्थापकास आपल्याला वगळण्यास सांगितले, आणि कर्णधार या नात्याने, ज्यात आपले नाव नाही अशी खेळाडूंची यादी पंचांच्या हाती नेऊन दिली. तो मोजणीचा २८ वा दिवस, चिकाटीच्या सप्ताहाचा अखेरचा, स्वामित्वाचा. चिकाटीवरही ज्याची सत्ता चालते त्याचीच चिकाटी आदरास पात्र, एरवी ती निव्वळ सवय. चौदा वर्षांच्या त्या अखंड हजेरीपेक्षा ही एका दिवसाची गैरहजेरी मी श्रेष्ठ मानतो.

गैरहजेरीचा विषय निघाला की सँडी कोफॅक्सचे नाव येणारच. ६ ऑक्टोबर १९६५ रोजी बेसबॉलच्या विश्वमालिकेचा पहिला सामना योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या, दिवशी आला, म्हणून या ज्यू पिचरने तो खेळण्यास नकार दिला. त्याच्या जागी सहकारी ड्रिस्डेल उभा राहिला आणि त्यांचा लॉस एंजेलिसचा संघ ८-२ असा हरला. पुढे पाचवा व सातवा सामना कोफॅक्सने जिंकून दिला, ही निराळी गोष्ट. तो काही कर्मठ नव्हता, म्हणूनच हा नकार लोकांच्या मनात ठसला. कोकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल ज्यू हाच दिवस दरफाळणीचा सण म्हणून दारे बंद करून पाळीत, आणि दर शनिवारी तेलाचा घाणा थांबविणारे म्हणून गावोगाव शनिवार तेली म्हटले जात. त्यांच्या त्या बंद घाण्यांची बातमी कोणत्याही वर्तमानपत्राने छापली नाही.

कोफॅक्सविषयीच्या आदरात, तो कितीही रास्त असला तरी, आपला मनुष्य आपल्यासाठी थांबला या समाधानाचा अंश मिसळलेला असतो. रॉबिन्सन मेथॉडिस्ट पंथाचा, गेहरिग लूथरन घरातला. त्यांच्याविषयी ज्यू साधकाला असा आप्तभाव बाळगण्याची सोय नाही. म्हणून ४९ रात्रींच्या चिंतनात त्याने या दोघांना जागा द्यावी आणि कोफॅक्सला योम किप्पुरपुरता ठेवावा, असे माझे मत आहे.