बक्षिसाचा पैसा कुणाचा?

भाच्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली. बीजीएमआय या मोबाईल गेमची स्पर्धा, १६ संघ, प्रवेश फी ४०० रुपये. पहिलं बक्षीस ३,०००, दुसरं १,५००, तिसरं ७००. "मामू, यात जुगार कसला? ज्याचा हात चांगला तो जिंकतो."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तोही याच निकषावर. पण आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात शाफई फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राची शाफई परंपरा, चालते, आणि तिचा प्रश्न निराळा आहे. तिरंदाजीत नशिबाला कितीशी जागा? तरीही दोन्ही तिरंदाजांनी पैसे मांडले आणि जिंकणाऱ्याने सगळे उचलले, तर फकिहांच्या, म्हणजे या शास्त्राच्या जाणकारांच्या, मते तो किमार, म्हणजे जुगारच. बक्षीस तिसऱ्याने लावलं किंवा दोघांपैकी एकानेच लावलं, तर चालतं. कौशल्य असलं म्हणून सुटका नाही. हरणाऱ्याच्या खिशातून काय गेलं, ते बघायचं. (मोबाईलच्या खेळाला मुळात बक्षीस असावं का, हा वाद वेगळा आणि मोठा आहे.) कुराणाने जुगार निषिद्ध करताना कारणही दिलंय, त्यातून वैर आणि द्वेष माजतो. हरलेल्याचेच पैसे जिंकणाऱ्याच्या हातात दिसले की मनात काय येतं, हे कुणाला सांगायला नको.

आता जाहिरातीचा हिशेब. जमा ६,४००, बक्षिसं ५,२०० ची. रिकाम्या हाताने परतणारे संघ १३, आणि त्यांची फी बरोबर ५,२००. आयोजक पोरांनी हे मुद्दाम केलेलं नाही, पण झालं ते हेच.

२०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालताना कौशल्य की नशीब हा भेद ठेवला नाही. ई-स्पोर्ट्समध्ये मात्र फी चालते, ती फक्त प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. कामगिरीवर बक्षीसही चालतं. वाट वेगळी असली तरी मला हे फकिहांच्या जवळचं वाटतं.

फी घेऊन भरणाऱ्या गावोगावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धांनाही हाच हिशेब लावावा लागेल. ते मला जड जातं, कारण त्या मैदानांवर माझं तारुण्य गेलंय. पण लावायलाच हवा.

म्हणून आयोजक पोरांना माझी विनंती आहे. बक्षिसासाठी दाता शोधा, बाजारातला दुकानदार असो की आखातातून सुट्टीवर आलेला कुणी. फी मंडप आणि वायफायच्या खर्चापुरतीच घ्या, आणि दोन्ही आकडे जाहिरातीत वेगवेगळे छापा.