देवमासा जिवंत असताना

साकीनाका, मुंबई 72

चि. मुक्ता,



नॉर्वेला जाऊन बोटीतून देवमासे बघायचे म्हणून तू आतापासून पैसे साठवतेस, हे वाचून बरं वाटलं. जरूर जा. हिवाळ्यात तिथल्या उत्तरेकडच्या खाड्यांमध्ये हेरिंग मासळी येते आणि तिच्यामागे हंपबॅक देवमासे. पण ‘आपल्या समुद्रात बघण्यासारखं काय आहे?’ हे तुझं वाक्य मला खुपलं.

दोष तुझा नाही. आपल्याकडे देवमासा पेपरात येतो तो मेल्यावर. जून 2015 मध्ये रेवदंड्याला 42 फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत अडकलं. त्याला पाण्यात लोटायला गावकरी दोन दिवस झटले, तरी ते वाचलं नाही. एरवी बातमी असते ती ‘व्हेलची उलटी’ पकडल्याची.

जानेवारी 2016 मध्ये जुहूला ब्राइड्स जातीचा 35 फुटी देवमासा लागला, तेव्हा मी गेले होते. इथून मेट्रोनं अंधेरी, पुढे रिक्षा. लोक फोटो काढत होते. मी त्याच्या गळ्याखालच्या घड्या बघत राहिले. जबड्यापासून पार पोटापर्यंत गेलेल्या त्या लांब घड्या. घास घेताना त्या उलगडतात, तोंडात पाण्यासकट मासळी मावते. मग पाणी बाहेर रेटलं की दातांच्या जागी असलेल्या झालरीत मासळी तेवढी अडकते. हे सगळं चालू असताना बघायला मिळायला हवं होतं, असं फार वाटलं.

आणि ते चालू असतं, मुक्ता. 2015 मध्येच सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांनी जिवंत निळ्या देवमाशांची नोंद केली. अरबी समुद्रातले हंपबॅक तर जगावेगळे. बाकीचे हंपबॅक खायला थंड पाण्यात आणि विणीसाठी उबदार पाण्यात हजारो किलोमीटर जातात. आपले वर्षभर इथेच. आपल्याला पाऊस देणारे नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यावर तळाचं गार पाणी वर आणतात, त्यावर मासळी पोसते आणि मासळीवर हे. 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमानपासून आपल्या वायव्य किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात यांतले दोनशेहून अधिक मारले, तेही बेकायदा. त्या घावातून ही जमात अजून सावरलेली नाही. ओमानकडे आता शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. तिथे 2017 मध्ये लुबान नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या बाजूला आली, पार दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. तिच्या वाटेवर आपले मच्छीमार जाळी टाकून बसलेले असतात. देवमाशाला ती जाळीही घातक आणि जहाजांची धडकही.

उत्तरेचे पक्षी बघायलाही उत्तरेला जायलाच हवं असं नाही. लाल मानेचा फॅलारोप हा मुठीत मावेल एवढा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा आपल्या अरबी समुद्रात, भर पाण्यावर काढतो. पाण्यावर बसून भिंगरीसारखा फिरतो, त्या भोवऱ्यात खालचे बारीक जीव वर आले की चोचीनं टिपतो. त्याच्यात अंडी उबवतो तो नर.

तर डिसेंबरात ये. आधी गेटवेहून मांडव्याच्या लाँचनं जाऊ. कुरव अगदी हाताशी येतात. त्यांचे डोळे बघ: बुबुळ फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा, लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून आलेला, काळं असेल तर काळ्या डोक्याचा. डोक्यांवरून ओळखायला जाऊ नकोस, हिवाळ्यात दोघांचीही पांढरी असतात. लोक त्यांना गाठी-वेफर्स टाकतात, तू टाकायचं नाहीस.

मग देवगडहून बोटीनं समुद्रात. देवमासा दिसेलच असं कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. सुरय एकाच जागी सूर मारताना दिसले की खाली मासळी आहे समजायचं आणि तिथेच नजर ठेवायची. आधी फवारा दिसतो, मग पाठ. डोक्यावर तीन उभ्या कडा दिसल्या तर ब्राइड्स. तांडेलाला मी निघतानाच सांगणार आहे की काही दिसलं तर इंजिन बंद करायचं, पाठलाग करायचा नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी त्यांच्या अंगावर जातात तेव्हा माझा जीव तुटतो.

दुर्बीण माझ्याकडे आहे. तू टोपी आण, आणि बोट लागत असेल तर आईला विचारून गोळी. सुट्टीच्या तारखा लवकर कळव, कोकणची तिकिटं मिळत नाहीत.

तुझी,
आत्याआजी