निवारा कोणासाठी वाढतो?

भिलाईत परवा सत्संग आटोपल्यावर एका ताईंनी विचारले, "कोव्हॅक्सिन आधी माकडांवर तपासली होती म्हणे. मी तर दोन्ही डोस घेतले. मग त्या माकडांचे ऋण माझ्यावरही आहे ना?"

आहे, असे मला वाटते. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत ही चाचणी झाली. टाळेबंदीत रस्ते, देवळे ओस पडली होती. खायला मिळेना म्हणून माकडे रानात निघून गेली. खूप हिंडल्यावर ती नागपूर परिसरात सापडली. लाल तोंडाची, आपल्याकडे दिसतात तीच. २० माकडांचे पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लस दिली, चौथ्याला दिली नाही. नंतर सगळ्यांच्या शरीरात विषाणू सोडला. त्या बिनलसीच्या ५ माकडांशी तुलना केली, तेव्हा कळले की लस काम करते.

अशी धावाधाव नको, प्रजनन केंद्रे काढा, असलेल्यांचे निवारे वाढवा, असे आता म्हटले जाते. त्यातले अर्धे मला पटते. माकड कळपात जगते. एकमेकांच्या अंगावरचे केस निवडत बसते, पिलाला पोटाशी धरून हिंडते. एकट्याला पिंजऱ्यात कोंडले तर तेच हात स्वतःचे केस उपटू लागतात. जे जीव आपल्या ताब्यात आहेत त्यांना उंची, फांद्या, ऊन आणि सोबत मिळालीच पाहिजे. याला दया म्हणू नये. आपण त्यांचे देणे लागतो. केंद्रात वाढलेल्या माकडाच्या आजारांची नोंद असते, त्यामुळे चाचणी नेमकी होते, हेही खरे.

उरलेले अर्धे मात्र खटकते. रानातले माकड धरायचे तर २०२० मध्ये वनखात्याची परवानगी लागत होती, आणि दिवस तर मोडतातच. त्या अडचणीपायी तरी कोणी विचारतो, 'याची खरेच गरज आहे का?' हाताशीच माकडे असली की हा प्रश्न मागे पडतो. आणि रान कधीच न पाहिलेले पिलू आपण जन्माला घालतो, तेही याच कामासाठी! त्यामुळे नव्या निवाऱ्याचा नकाशा पुढे आला की मी एवढेच विचारीन: ही जागा आहे त्याच माकडांसाठी, की आणखी माकडांसाठी? नकाशावर दोन्ही सारखेच दिसते.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आणि त्या पाचांचे?"

मला उत्तर सुचले नाही.