बारा जानेवारीच्या आधीचे दिवस

शतकाहून अधिक काळ दाते पंचांग सोलापुरातून निघते आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचे सणवार त्यावरून ठरतात. संक्रांतीला याच शहरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. त्याच सुमारास, 12 जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. यात्रेचा दिवस सूर्याच्या संक्रमणाशी बांधलेला आहे, हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस मात्र इंग्रज सरकारने ठरवला. दिवस लक्षात ठेवण्याची आपली रीत कशी बदलत गेली, हे या दोन दिवसांवरून नीट कळते.

आपली जुनी स्मरणे तिथीची आहेत. ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, तुकोबांची बीज फाल्गुनातली. आळंदीला किंवा देहूला निघालेल्या वारकऱ्याला शक किती हे विचारावे लागत नाही. ती घटना त्याच्यासाठी दरवर्षी नव्याने घडते आणि तो तिला हजर राहतो. शकावल्यांनी वेगळी नजर दिली. जेधे शकावलीत शक, महिना, तिथी, वार आणि पुढे एका ओळीत घटना, अशा नोंदी आहेत. लोकमान्य टिळकांनी 1916 साली ती अभ्यासकांपुढे आणली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद पेटला. शिवजयंतीचा उत्सव रायगडावर सार्वजनिकपणे सुरू करणाऱ्या टिळकांनाच ती तिथी पुराव्याने तपासावीशी वाटली, हा या बदलातला मोठा टप्पा आहे. दिवस आता श्रद्धेइतकाच पुराव्याचाही झाला.

दरम्यान कचेरी, रेल्वे, पगार आणि गिरणीची हजेरी यांनी इंग्रजी तारीख रोजच्या जगण्यात आणली. तारीख आणि आकाश यांचा मेळ मात्र कायम राहत नाही. 12 जानेवारी 1863 रोजी स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला, तेव्हा मकरसंक्रांत होती. आज संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. संक्रांत ज्यावर ठरते ते निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे 20 मिनिटांनी मोठे आहे आणि 1900 साल लीप वर्ष नव्हते, त्यामुळे ती पुढे सरकली. म्हणजे दिवसाची खूण कशावर बांधायची, हे शेवटी माणसेच ठरवतात.

सोलापूरने ते कसे ठरवले, त्याची गोष्ट 1930 साली सुरू होते. 5 मे रोजी मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडी येथे अटक झाली. बातमी पोहोचताच शहरात हरताळ पडला. 8 मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. संतप्त जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी आणि न्यायालय जाळले, पोलीसही मारले गेले. 9, 10 आणि 11 मे या तीन दिवसांत शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज मिरवणे हाही तेव्हा कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

ज्या तारखेने सरकारला हे प्रकरण मिटवायचे होते, तीच तारीख शहराने आपली मानली. चौकाला, सभागृहाला, पुण्याला जाणाऱ्या रेल्वेलाही हुतात्म्यांचे नाव मिळाले. तिथीची जुनी निष्ठा इथे तारखेला लाभली.

आज 12 जानेवारी हा दिवस गजबजलेला आहे. जिजाऊ आणि विवेकानंद यांच्या जयंत्या त्याच दिवशी, राष्ट्रीय युवक दिनही तोच. दिनविशेषाच्या यादीत सोलापूरची फाशी एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीखाली दबते. यादी दिवस जपते, पण एका दिवसाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट तिच्यात नसते. फाशीच्या तारखेपाशीच थांबलो तर चौघांचे मरण कळते. त्यांच्या गावाने तीन दिवस काय करून दाखवले, ते कळत नाही.

म्हणून मला वाटते, 12 जानेवारीला हार घालून झाल्यावर मुलांना मे महिन्यातले ते दिवस सांगितले पाहिजेत, जळालेली चौकी आणि मेलेले पोलीस न वगळता. वेगवेगळ्या जातीधर्मांचे चौघे एकाच फाशीपर्यंत कसे आले, हेही सांगितले पाहिजे. 9 ते 11 मे हे दिवस सोलापूरने आपल्या दिनदर्शिकेत ठळकपणे छापावेत. सरकारने ठरवलेल्या दिवसाचा आपण मान राखला; आता लोकांनी स्वतः घडवलेल्या दिवसांचाही राखायला हवा.