न जाणण्याचा अधिकार

आपल्या देहात काय चालले आहे, हे न जाणण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? “व्हायचे ते होईल, तपासण्या करून जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा?” असे आपण सहज म्हणून जातो. परंतु वाचकहो, स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा विचार करू लागताच हे उत्तर अपुरे पडते.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. तेथील लहान गाठ हाताला लागत नाही आणि आरंभी बहुधा दुखतही नाही. पुढे लक्षणे येतात, तीही साध्या दुखण्यांचा वेष घेऊन : पाठीत जाणारी पोटातील कळ, मंदावलेली भूक, अकारण घटणारे वजन, पन्नाशीनंतर अकस्मात जडलेला मधुमेह, वेदनेविना झालेली कावीळ. आपण पित्ताचे औषध घेतो, काविळीवर झाडपाला घेतो आणि मोलाचे आठवडे निघून जातात. निदान होते तेव्हा शंभरांपैकी सुमारे १५ ते २० रुग्णांवरच शस्त्रक्रिया शक्य असते. अमेरिकेतील आकडेवारीनुसार पाच वर्षे जगणारे रुग्ण एकंदरीत शेकडा १३ च्या आसपास आहेत. रोग स्वादुपिंडापुरताच असताना सापडल्यास हेच प्रमाण शेकडा ४० च्या वर जाते.

मग प्रत्येकाने दरवर्षी तपासणी करावी काय? नाही. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य माणसास तज्ज्ञ तसा सल्ला देत नाहीत. हा रोग तुलनेने विरळ आहे आणि खोट्या संशयापायी निष्कारण शस्त्रक्रियेचे संकट ओढवू शकते. मात्र ज्यांच्या रक्ताच्या जवळच्या नात्यात दोघांना हा रोग झाला, अथवा ज्यांच्यात काही विशिष्ट जनुकदोष आहेत, त्यांना नियमित तपासणीचा सल्ला दिला जातो.

खरा नैतिक पेच येथेच आहे. आपल्या घरांतून या रोगाचे नाव उच्चारले जात नाही. “मोठे दुखणे होते”, “पोटाच्या विकाराने गेले”, एवढेच सांगितले जाते. मुलीच्या लग्नात विघ्न नको, वृद्ध आईला धक्का नको, हे हेतू प्रेमाचेच असतात. परंतु जे मौन एकाचे दुःख टाळते, तेच दुसऱ्याची सावध होण्याची संधी हिरावून घेते. वडील आणि आत्या कशाने गेल्या, हे ज्या मुलास ठाऊकच नाही, तो डॉक्टरांच्या प्रश्नाला काय उत्तर देणार?

स्वतःच्या आजाराविषयी किती ऐकावे, हे रुग्णाने ठरवावे. त्याच्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. पण इतरांनी काय जाणू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. वेळीच झालेले निदान म्हणजे जीवदानाची हमी नव्हे. शस्त्रक्रियेनंतरही रोग अनेकदा उलटतो. तरीही संधी थोडी आहे म्हणून ती दडवून ठेवणे न्याय्य ठरत नाही. आणि तपासणीस जाणे ही विश्वासाची उणीव, असे मानणाऱ्यांनी भय व भरवसा यांतील भेद एकदा स्वतःशीच तपासून पाहावा.

आज रात्री भोजनानंतर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या कुटुंबात कोण, कोणत्या वयात, कशाने गेले? मिळेल ते उत्तर लिहून ठेवा आणि मुलांच्या हाती द्या.