नाव ठेवताना

आज कापाकापी करायची नाही. फायनल कट प्रो उघडा, पण टाइमलाइन रिकामीच राहू द्या. हेडफोन लावा. खांदे सैल सोडा. काल पुण्याच्या तांबट आळीत जे टिपलंत, त्यातली पहिली क्लिप समोर घ्या.

स्किमरने सरसर सरकवू नका. स्पेसबार दाबा आणि क्लिप जेवढी लांब आहे तेवढा वेळ तिला द्या.

तांब्याची घागर. तिच्यावर वाकलेला माणूस. हातोडीचा घाव पडतो, घागर किंचित फिरते, पुन्हा घाव. प्रत्येक घावासरशी एक चकचकीत ठसा उमटतो आणि आधीच्या ठशाला टेकून बसतो. हे मठारकाम. ठोके नुसते शोभेचे नाहीत; ठोकून ठोकून तांबं कडक होतं, भांड्याला बळकटी येते. काल कारागीर हे सांगत होता तेव्हा तुमचं लक्ष फोकसवर होतं. आता ऐका.

मधेच कुणाचा तरी धक्का लागतो, कॅमेरा हलतो, चित्र फिसकटतं. मनात लगेच उमटतं, ‘ही वाया गेली.’ उमटू द्या. क्षणभर तसंच बसा. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला आपण पहिलं करतो. आजचं कामही तेच आहे.

पुन्हा सुरुवातीला या. हातोडी पहिल्यांदा वर जाते तिथे ‘आय’ दाबा, धक्क्याच्या आधी ‘ओ’. मग कमांड आणि ‘के’. कीवर्डची छोटी चौकट उघडेल. तिच्यात लिहा : मठारकाम. एंटर दाबलंत की निवडलेल्या तेवढ्याच तुकड्याच्या माथ्यावर एक बारीक निळी रेघ येते. बाकीची क्लिप अजून निनावी आहे. त्या रेघेकडे थोडं बघत राहा.

आता फिसकटलेला भाग. डोळे मिटा आणि फक्त ऐका. ठोक्यांची लय मोडलेली नाही. पलीकडच्या कारखान्यातून दुसरी हातोडी साथ देते आहे, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत एक सायकलची घंटी. चित्र गेलं, पण आवाज अख्खा आहे. त्याला नाव द्या : ठोके. थोड्या वेळापूर्वी आपण ही क्लिप टाकून देणार होतो.

हातांना वेगळं नाव द्या. त्याच सेकंदांवर ‘मठारकाम’ही राहील, ‘हात’ही राहील, एकाने दुसऱ्याला जागा करून द्यावी लागत नाही. खऱ्या फिल्मच्या काळात पट्ट्या कापडी अस्तराच्या पेटीवर खिळ्यांना टांगून ठेवत. एक पट्टी एका वेळी एकाच खिळ्याला. ‘बिन’ हा शब्द त्या पेटीवरून आला. 2011 मध्ये फायनल कट नव्या रूपात आलं तेव्हा बिन गेले, कीवर्ड आले, आणि जुने संकलक पुष्कळ संतापले. त्यांचा संताप मला समजतो. तरी एकच क्षण चार नावांनी सापडणं हे मला त्या बदलातलं सगळ्यात मोठं दान वाटतं.

आता शब्दांपाशी थांबा. ‘सुंदर’ लिहावंसं वाटतंय? नका लिहू. सहा महिन्यांनी, रात्री उशिरा, तुम्हाला घागरीचा गळा हवा असेल. तेव्हा तुमचे हात ‘सुंदर’ टाइप करणार नाहीत. ‘गळा’ लिहा. ‘बूड’ लिहा. ‘कल्हई’ लिहा. कारागिराच्या तोंडचा शब्द मिळाला तर तोच ठेवा, तो आपल्या शब्दापेक्षा जवळून बघणारा असतो. आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा : ‘पाणी’ आणि ‘पाणि’ सॉफ्टवेअरला दोन वेगळे कप्पे वाटतात, आणि एकातलं दुसऱ्यात सापडत नाही.

किती क्लिप राहिल्या ते मोजू नका. संकलक वॉल्टर मर्चने लिहून ठेवलंय की 1979 च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये पडद्यावर पोचलेल्या एकेका मिनिटामागे 95 मिनिटं बाहेर राहिली. त्या 95 मिनिटांसमोरही कुणीतरी बसलं होतं, बघितलं होतं, नोंद केली होती. तुमच्या घागरीचंही बहुतेक फुटेज बाहेरच राहील. तरीही प्रत्येक तुकड्याला नाव द्या. निवाड्याची वेळ येईल तेव्हा ‘एफ’ची हिरवी रेघ आहे, डिलीटची लाल आहे. लाल रेघेनेही क्लिप पुसली जात नाही, फक्त ‘नको’ अशी खूण होते. आज त्या दोन्ही बटणांपासून बोटं दूर ठेवा.

शेवटची क्लिप घ्या. काम थांबल्यावर तुम्ही सगळ्यांना गप्प उभं करून अर्धं मिनिट नुसती खोली ध्वनिमुद्रित केली होती. चित्रात जमीन आहे, एक पाय आहे, तांब्याचा चुरा आहे. पुन्हा डोळे मिटा. भट्टीचा बारीक सुरसुर आवाज. लांबून कावळा. कुणीतरी श्वास सोडतो, बहुधा तुम्हीच.

कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकतोय. क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावा.