फजरनंतरची पावले



येत्या जुम्म्याला आपल्या मोहल्ल्यातील मशिदीत सफच्या टोकाकडे क्षणभर पाहा. तेथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतील. गोंदियातील आमच्या मशिदीत पंधरा वर्षांपूर्वी अशा दोनच खुर्च्या होत्या आणि त्यांवर ऐंशीच्या घरातील बुजुर्ग बसत. आज तेथे खुर्च्यांची पूर्ण रांग असते. खुर्चीचा आधार घेण्यात कसलाही दोष नाही. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना व्याधी होती, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभ्याने, ते न जमल्यास बसून, आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्याची मुभा दिली, हे सहीह बुखारीत नमूद आहे. ही सवलत अल्लाहची कृपा आहे. परंतु त्या रांगेत आता पंचेचाळीस-पन्नाशीचे पुरुषही दिसू लागले आहेत. त्यांपैकी एक माझे जुने स्नेही. एकदा वुजू करताना ते सहज म्हणाले, "दोन वर्षे झाली, कपाळ जमिनीला टेकले नाही." पुढे ते काही बोलले नाहीत आणि मलाही काही सुचले नाही.

प्रत्येक आजार बैठ्या जीवनामुळेच होतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींहून अधिक सांगितली. आपल्या घरांतून, दुकानाच्या गादीवरून आणि राईस मिलच्या हिशेबाच्या टेबलावरून या आकड्यात किती भर पडली असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पऱ्हे उपटून चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणा करणाऱ्या माणसाला फिरायला जाण्याचा उपदेश करणे ही थट्टाच होय. त्याच्या देहाचा हक्क विश्रांतीचा आहे. हे निवेदन त्यांच्यासाठी आहे, जे मशीद तीनशे पावलांवर असतानाही मोटारसायकलची किल्ली शोधतात.

देहाचा हक्क हा शब्दप्रयोग माझा नव्हे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुण होते तेव्हा त्यांनी रोज रोजा ठेवण्याचा आणि रात्रभर इबादत करण्याचा निश्चय केला होता. ही वार्ता प्रेषितांच्या कानी गेली. त्यांनी अब्दुल्लाह यांना समजावले की, शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही माणसावर हक्क असतो. महिन्यातून तीन रोजे पुरेसे आहेत. तरुण अब्दुल्लाह म्हणत राहिले की माझ्यात याहून अधिक ताकद आहे. अखेर एक दिवस रोजा आणि एक दिवस सूट, यावर गोष्ट थांबली. पुढे म्हातारपण आले, ताकद ओसरली आणि प्रेषितांची सवलत आपण तेव्हाच स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटू लागले. मात्र जे कबूल केले ते त्यांनी सोडले नाही. अशक्तपणा आला की ते काही दिवस रोजे थांबवीत, चुकलेले दिवस मोजून ठेवीत आणि शक्ती आल्यावर तितके रोजे पुरे करीत. रात्री उठून नमाज पढणारा, पण नंतर ती सोडून देणारा जो कोणी होता, त्याच्यासारखे होऊ नकोस, ही ताकीदही प्रेषितांनी याच अब्दुल्लाह यांना दिली होती.

हा प्रसंग इबादतीचा आहे हे मी जाणतो. परंतु आपला व्यायाम जेथे अडतो ती जागा यात नेमकी दिसते. सुरुवात करण्यात आपण कोणाला हार जाणारे नाही. रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की दुसऱ्याच दिवशी नवे बूट येतात आणि पहिल्या सकाळी आपण पाच किलोमीटर चालून येतो. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, आठव्या दिवशी कोणाच्या घरी लग्न निघते, आणि पंधराव्या दिवशी बुटांवर धूळ असते. ताकद असताना बेताने घ्यायचे, हा उपदेश तरुण अब्दुल्लाह यांना जड वाटला, आपल्यालाही वाटतो. अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, हा आशय हजरत आयेशा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये आहे. मग पहिल्या महिन्यात दहा मिनिटेच चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस करते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेथे पोहोचायला तीन महिने लागले तरी बिघडत नाही.

वेळ कोणती? मोमिनाला हा प्रश्न पडू नये. गोंदियाच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर रस्ता तापतो, पावसाळ्यात दुपारचा भरवसा नसतो. फजरनंतरचा तास मात्र बाराही महिने आपल्या हाती असतो. त्या वेळी आपण उठलेले असतो आणि वुजूने झोपही उडालेली असते. घरी परतून पुन्हा अंथरुणात शिरण्याऐवजी मशिदीच्या दारातूनच उजवीकडे वळायचे, एवढेच ठरवावे. इच्छा रोज नव्याने जागवावी लागते, तर ठरलेल्या वेळेला ठरलेले काम आपोआप होते. प्रेषित (स.) दर शनिवारी कुबाच्या मशिदीत जात, कधी पायी तर कधी स्वार होऊन. दिवस ठरलेला होता. साधन मात्र सोयीनुसार बदलत असे. आपल्यालाही पाऊस कोसळत असेल तर मशिदीच्या ओसरीत किंवा घरातल्या घरात फेऱ्या घालता येतात.

नमाज हाच उत्तम व्यायाम आहे, असे काही बंधू हिरिरीने सांगतात. मला हे पटत नाही. नमाज ही इबादत आहे, तिला कवायतीच्या तराजूत घालू नये. आणि त्या युक्तिवादाचा उपयोग बहुधा फिरायला न जाण्यासाठीच होतो. नमाजकडे जाणारी पावले मात्र वेगळी. मदीनेतील बनू सलमा कबिल्याची घरे मशिदीपासून दूर होती. त्यांनी जवळ राहायला यायचे ठरविले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना आपल्याच घरी राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती.

निय्यतही तपासून पाहावी. जो केवळ वजन घटविण्यासाठी चालतो, त्याचा उत्साह काट्याच्या मर्जीवर असतो. काटा महिनाभर हलला नाही की पावले थांबतात. जो देह ही अमानत समजून चालतो, त्याने आजचा हक्क आज फेडलेला असतो. कोणाच्या मनात हजची आस असेल तर तीही बळ देते. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच अंतर सुमारे 3 किलोमीटर भरते. आपण मात्र निवृत्तीपर्यंत पैसा साठवितो आणि गुडघे खर्च करून टाकतो.

भगिनींविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. घरकामात दिवसभर राबणारी स्त्री थकते, पण मोकळ्या हवेतले भराभर चालणे त्यात फारसे घडत नाही. एका प्रवासात प्रेषितांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. काही काळाने त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली. तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागची परतफेड झाली असे म्हणाले. अबू दाऊद यांच्या संग्रहात हे आहे. मग पत्नीला, बहिणीला किंवा आईला सोबत घेऊन पहाटे निघण्यात आम्हा पुरुषांना संकोच कशाचा वाटतो? संकोच वाटत असेल तर निदान तिच्या त्या अर्ध्या तासात चहाचे आधण आपण ठेवावे.

आणि खंड पडला तर? तो पडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी नव्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचे दिसले. कोणाला 18, तर कोणाला 254 दिवसही लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे चाळीस दिवसांत जमले नाही म्हणून स्वतःला नालायक ठरविण्याचे कारण नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यांना आढळले. ईदनंतर मशीद जशी रिकामी होते, तसे एका चुकीनंतर सगळेच सोडून देणे, ही सैतानाची जुनी युक्ती आहे. प्रेषितांनी ज्या दुआ शिकविल्या, त्यांत आळसापासून अल्लाहचे शरण मागणारी दुआ आहे. ती रोज मागावी, आणि मागून झाल्यावर उठावे.

माझे ते स्नेही गेल्या शव्वालपासून फजरनंतर चालतात. डॉक्टरांना विचारून सुरुवात केली, तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच जात. आता रेल्वे फाटकाला स्पर्श करून परततात. रुकूअ ते उभ्याने करतात. सज्द्यासाठी खुर्ची अजून लागते. सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असते आणि तीत फक्त चुकलेले दिवस लिहिलेले असतात. परवा त्यांनी ती मला उघडून दाखविली. या महिन्यात चार होते, त्यांपैकी दोन पुरे करून खोडलेले.